आधी लॉग की आधी रीस्टार्ट? आभासी सर्व्हरचा पंचनामा कसा करावा

काटेकोर

नमस्कार. मी पश्चिम महाराष्ट्रातील एका सहकारी साखर कारखान्यात संगणक विभागाचे काम पाहतो. आमच्याकडे व्हीएमवेअर ईएसएक्सआय (एका यंत्रावर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) असलेले दोन होस्ट, म्हणजे प्रत्यक्ष सर्व्हर आहेत आणि दोन्ही होस्ट जाळ्यावरून जोडलेल्या एकाच आयस्कझी स्टोरेजवर अवलंबून आहेत. वजनकाट्याचा डेटाबेस पहिल्या होस्टवरील एका लिनक्स व्हीएममध्ये, म्हणजे आभासी संगणकात, चालतो. दुसऱ्या होस्टवर हजेरीचा सर्व्हर आणि चाचणीसाठी ठेवलेल्या दोन व्हीएम आहेत.

या महिन्याच्या १२ तारखेच्या रात्री सव्वादोनच्या सुमारास काट्यावरून फोन आला की वजन नोंदवले जात नाही. मी कारखान्याच्या वसाहतीतच राहतो, त्यामुळे दहा मिनिटांत सर्व्हर खोलीत पोहोचलो. व्हीएमचा कन्सोल प्रतिसाद देत नव्हता आणि होस्टचे व्यवस्थापन पानही उघडत नव्हते. गळीत हंगाम ऐन भरात आहे, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती आणि शेती विभागाचे दर दोन मिनिटांनी फोन येत होते. मी होस्टचे बटण दाबून तो बंद केला व पुन्हा सुरू केला. पावणेतीनला काटा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी तांत्रिक साहाय्यासाठी तक्रार नोंदवली. त्यांनी सपोर्ट बंडल (होस्टचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, आणि मांडणी एकत्र बांधलेली फाइल) मागितले, ते मी पाठवले. उत्तर आले की या बंडलमधील लॉग २१ वाजून ७ मिनिटांनी सुरू होतो आणि त्यापूर्वीचे काहीही त्यात नाही, त्यामुळे कारण सांगता येणार नाही. मी होस्ट तर रात्री अडीचनंतर सुरू केला होता. सर्व्हरचे घड्याळ चुकले आहे का, हेही मला कळेना.

माझे प्रश्न असे आहेत. आधीचे लॉग गेले कुठे? अशा प्रसंगी रीस्टार्टपूर्वी नेमके काय गोळा करून ठेवावे? आणि बाहेर वाहने खोळंबलेली असताना त्यासाठी किती वेळ थांबणे योग्य ठरते?

शून्यप्रहर

मी नवी मुंबईतील एका डेटा सेंटरमध्ये अनेक वर्षे रात्रपाळी केली आहे, त्यावरून एक अंदाज सांगतो. तुमच्या होस्टमध्ये ईएसएक्सआय एसडी कार्डावर किंवा यूएसबी पेनड्राइव्हवर बसवलेले असावे. असे असेल आणि लॉगसाठी कायमस्वरूपी जागा नेमून दिलेली नसेल, तर ज्याला स्क्रॅच म्हणतात तो विभाग थेट मेमरीत तयार होतो. सर्व लॉग तेथे लिहिले जातात आणि वीज गेली किंवा होस्ट पुन्हा सुरू झाला की पुसले जातात. लॉग टिकाऊ जागेवर साठवले जात नसल्याची पिवळी सूचना होस्टच्या सारांश पानावर दिसत असते. ती आहे का, हे कृपया पाहून सांगा.

उपाय सोपा आहे. डेटास्टोअरवर, म्हणजे व्हीएमच्या फाइली ठेवण्याच्या जागेवर, प्रत्येक होस्टसाठी एक स्वतंत्र फोल्डर करून स्क्रॅचची जागा तेथे वळवावी आणि होस्ट एकदा पुन्हा सुरू करावा. दोन होस्टांना एकच फोल्डर मात्र देऊ नये, कारण मग दोघांच्या नोंदी एकमेकांवर पडतात.

पाणपोई

मी थोडे वेगळे मत मांडतो. काटेकोर यांनी केले ते योग्यच केले. ऊस तोडल्यापासून जितका वेळ उभा राहतो तितका त्याचा उतारा घटतो, आणि रांगेत थांबलेला बैल किंवा गाडीवान लॉगची वाट पाहत नाही. संगणक विभाग कारखान्यासाठी असतो, तांत्रिक साहाय्य देणाऱ्या अभियंत्याच्या सोयीसाठी नसतो. सेवा आधी सुरू करावी, कारण नंतर शोधावे, आणि कारण नाही सापडले तर पुढच्या वेळी सापडेल.

गवतीचहा

पाणपोई यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे, परंतु मी पुण्यात सात वर्षे दुसऱ्या बाजूला, म्हणजे आभासीकरणाच्या तांत्रिक साहाय्य विभागात काम केले आहे. "पुढच्या वेळी सापडेल" या वाक्याचा शेवट मी बराच वेळा पाहिला आहे. पुढची वेळ येते, तेव्हाही घाई असते, तेव्हाही आधी रीस्टार्ट होतो आणि तिसऱ्या वेळी डेटाच जातो.

आपल्याकडे अपघात झाला की वाहने हलवण्यापूर्वी पंचनामा करतात. रस्ता अडलेला असतो आणि लोक चिडलेले असतात, तरीही खडूने खुणा केल्याशिवाय गाडी उचलत नाहीत. लॉग गोळा करणे हे तेच काम आहे आणि त्याला दर वेळी तासभर लागत नाही. माझ्या मते पाच मिनिटांचा पंचनामा आणि अर्ध्या तासाचा पंचनामा असे त्याचे दोन प्रकार करावेत.

पाच मिनिटांत एवढे होते. पडद्याचा मोबाइलवर फोटो घ्यावा, त्यात सर्व ओळी वाचता आल्या पाहिजेत. घड्याळातील वेळ कागदावर लिहावी. एकच व्हीएम गोठली आहे की सर्व, दुसरा होस्ट चालतो का, आणि स्टोरेजच्या व जाळे जोडणाऱ्या स्विचच्या दिव्यांची स्थिती काय आहे, हे पाहून तेही लिहावे. होस्ट जांभळा पडदा, म्हणजे ईएसएक्सआय कोसळल्याची खूण, दाखवत असेल, तर डंप (त्या क्षणीच्या मेमरीची नक्कल) यशस्वीपणे लिहिला गेल्याची ओळ खाली येईपर्यंत हात लावू नये. पुष्कळ जण ती ओळ येण्याआधीच बटण दाबतात आणि सर्वांत मोलाचा पुरावा अर्धवट राहतो.

होस्ट प्रतिसाद देत असेल आणि एखादीच व्हीएम गोठलेली असेल, तर तिला थेट रीसेट करण्याऐवजी मेमरीसह स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या स्थितीची नक्कल) घ्यावा किंवा ती सस्पेंड करावी. गोठलेल्या क्षणीची मेमरी त्यामुळे फाइलमध्ये राहते आणि अभियंत्यांना तिचे कोअर डंपमध्ये रूपांतर करून आतील प्रणाली कुठे अडकली होती हे पाहता येते.

अर्ध्या तासाचा पंचनामा म्हणजे पूर्ण सपोर्ट बंडल. ईएसएक्सआयच्या शेलमध्ये व्हीएम-सपोर्ट ही कमांड दिली की ते तयार होते, आणि डब्ल्यू हा पर्याय देऊन ते कोणत्या डेटास्टोअरवर लिहावे हे सांगता येते. व्हीसेंटर (सर्व होस्ट एकत्र सांभाळणारा प्रोग्राम) चालू असेल तर तेथील सिस्टिम लॉग एक्स्पोर्ट करण्याच्या पर्यायातून एकाच वेळी अनेक होस्ट निवडता येतात. यासाठी चालू असलेल्या व्हीएम बंद कराव्या लागत नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या भीतीने लोक कमांड द्यायला कचरतात.

शून्यप्रहर

गवतीचहा यांच्या मुद्द्यात एक भर घालतो. बिघाड स्टोरेजमध्येच असेल तर स्नॅपशॉट घेता येणार नाही, कारण तो लिहायचा तेथेच असतो. अशा वेळी बंडलही डेटास्टोअरवर लिहू नये. होस्टमध्ये एखादी स्थानिक डिस्क असेल तर ती निवडावी, नाहीतर ब्राउझरमधून बंडल थेट आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यावे.

काटेकोर

सर्वांचे आभार. शून्यप्रहर, आपला अंदाज बरोबर निघाला. दोन्ही होस्ट एसडी कार्डावरून सुरू होतात आणि पिवळी सूचना दोन्हींवर आहे. ती दोन वर्षांपासून तेथे होती. माझ्या आधीच्या सहकाऱ्यांनी ती दुर्लक्षित केली आणि नंतर मीही केली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जांभळा पडदा नव्हता. काळ्या कन्सोलवर व्हीएमच्या डिस्कसंबंधी काही चुका दिसत होत्या, पण मी फोटो काढला नाही. २१ वाजून ७ मिनिटांचे कोडे मात्र अजून सुटलेले नाही.

सातासमुद्र

हे कोडे मी सोडवतो, कारण मी टोरांटोहून भारतातील सर्व्हर सांभाळतो आणि वेळेचा हिशेब मला रोजच करावा लागतो. ईएसएक्सआयचे लॉग नेहमी जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत लिहिले जातात आणि ते बदलता येत नाही. भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. २१:०७ मध्ये साडेपाच तास मिळवले की मध्यरात्र ओलांडून दुसऱ्या दिवशीचे २:३७ होतात. तुमचे घड्याळ अगदी बरोबर आहे.

आता यातला खरा धोका पाहा. आपण मराठी माणसे "१२ तारखेच्या रात्री सव्वादोन" असे म्हणतो, तेव्हा कॅलेंडरवर १३ तारीख लागलेली असते. तक्रारीत तुम्ही "१२ तारीख, २:१४" असे लिहिले असेल, तर वाचणारा अभियंता १२ तारखेच्या २:१४ यूटीसीच्या नोंदी उघडेल, आणि ती आपली १२ तारखेची सकाळची ७:४४ ही वेळ होईल. तेव्हा सर्व काही शांत असणार. खरी घटना १२ तारखेच्या २०:४४ यूटीसीला शोधली पाहिजे. तक्रारीत दोन्ही वेळा, दोन्ही तारखा आणि भारतीय वेळ की यूटीसी हा उल्लेख, एवढे सर्व लिहावे.

काटेकोर

मी तक्रारीत नेमके "१२ तारीख, रात्री २:१४" असेच लिहिले होते. आजच दुरुस्ती पाठवतो.

खडूफळा

विषय मोठ्या सर्व्हरचा आहे, परंतु मी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते आणि आमच्या प्रयोगशाळेत व्हर्च्युअलबॉक्स हा साध्या संगणकावर व्हीएम चालवणारा प्रोग्राम वापरतो, तेथेही हीच गोष्ट छोट्या रूपात घडते. व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक व्हीएमच्या लॉग फोल्डरमध्ये व्हीबॉक्स डॉट लॉग नावाची फाइल ठेवतो. व्हीएम नव्याने सुरू केली की जुनी फाइल एक क्रमांक घेऊन मागे सरकते आणि नेहमीच्या मांडणीत अशा तीनच जुन्या फाइली राहतात. विद्यार्थ्याची व्हीएम कोसळली की तो बिचारा चार-पाच वेळा ती सुरू करून पाहतो आणि मग मदत मागायला येतो. तोवर मूळ घटनेची फाइल शेवटून बाहेर पडलेली असते. म्हणून मी पहिल्याच तासाला शिकवते की व्हीएम कोसळली तर आधी ती फाइल दुसरीकडे नक्कल करून ठेवा आणि मगच पुन्हा प्रयत्न करा.

आणखी एक अडचण म्हणजे विद्यार्थी लॉगमधील त्यांना महत्त्वाच्या वाटलेल्या शेवटच्या दहा ओळीच पाठवतात. खरे उत्तर बहुधा सुरुवातीच्या भागात असते. विंडोज संगणकावर हायपर-व्ही ही मायक्रोसॉफ्टची आभासीकरण प्रणाली चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची सुविधा थेट मिळत नाही, तो दुसऱ्या मार्गाने चालतो आणि मंदावतो, आणि याची नोंद लॉगच्या आरंभीच येते. खालच्या पट्टीत हिरवे कासवही दिसते. शेवटच्या दहा ओळी कितीही वाचल्या तरी हे कळत नाही. संपूर्ण फाइल पाठवावी, हाच नियम योग्य आहे.

आंबोलीघाट

खडूफळा ताईंशी पूर्ण सहमत. आमच्याकडे पणजीत विंडोज सर्व्हर आणि हायपर-व्ही आहे, त्यामुळे त्याबद्दल लिहितो. येथे सर्व काही एका बंडलमध्ये मिळत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज या शाखेखाली हायपर-व्हीच्या व्हीएमएमएस, वर्कर वगैरे अनेक नोंदवह्या असतात. व्हीएमच्या आतील विंडोज निळा पडदा देऊन कोसळली तर वर्करच्या नोंदवहीत १८५९० क्रमांकाची नोंद येते आणि तिच्यात त्रुटीचे संकेतांक असतात. म्हणजे आतील प्रणालीने डंप लिहिला नाही, तरी निदान तेवढा धागा हाती राहतो.

नोंदवही जतन करताना ती मूळ इव्हीटीएक्स स्वरूपातच जतन करावी आणि प्रदर्शन माहिती सोबत घेण्याचा पर्याय निवडावा. तसे न केल्यास दुसऱ्या संगणकावर त्या नोंदींचे वर्णन दिसत नाही, नुसते क्रमांक दिसतात. क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांचा (नोडांचा) गट, असेल तर गेट-क्लस्टरलॉग ही पॉवरशेल कमांड सर्व नोडांचे लॉग एका फोल्डरमध्ये आणून देते. तिला शेवटची किती मिनिटे हवीत हे सांगता येते. तिच्या वेळाही यूटीसीत असतात, मात्र स्थानिक वेळ मागण्याचा पर्याय तिथे आहे.

उत्तररात्र

प्रॉक्समॉक्स ही लिनक्सवरील आभासीकरण प्रणाली वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. वेबपानावर नोडच्या सबस्क्रिप्शन भागात सिस्टिम रिपोर्ट मिळतो आणि शेलमध्ये पीव्हीईरिपोर्ट ही कमांड तेच काम करते. पण तो अहवाल मुख्यतः मांडणीचा असतो. घटनेच्या नोंदी जर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या नोंदवहीतून, घ्याव्या लागतात, आणि जर्नलसीटीएलला बी व उणे एक हा पर्याय दिला की रीस्टार्टपूर्वीच्या सत्रातील नोंदी मिळतात. जर्नल डिस्कवर साठवले जात असेल तरच हे शक्य होते, नाहीतर काटेकोर यांच्यासारखीच अवस्था होते. लिबव्हर्ट (लिनक्सवर व्हीएम सांभाळण्याचे साधन) वापरत असाल तर लिबव्हर्टच्या लॉग फोल्डरमधील क्यूईएमयू या उपफोल्डरात प्रत्येक व्हीएमची वेगळी फाइल असते, आणि एसओएस रिपोर्ट या कमांडने संपूर्ण लिनक्स होस्टची माहिती एकत्र बांधता येते.

रानमोगरा

मी माहिती सुरक्षेचे काम करते आणि या धाग्यात अजून न आलेली एक बाजू मांडते. सपोर्ट बंडल म्हणजे आपल्या घराचा संपूर्ण नकाशा असतो. त्यात होस्टची नावे, आयपी पत्ते, वापरकर्त्यांची नावे, व्हीएमची नावे आणि जाळ्याची रचना असते. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या लॉगमध्येही फाइलींच्या मार्गातून संगणकावरील वापरकर्त्याचे नाव दिसते. मेमरीसह घेतलेला स्नॅपशॉट किंवा कोअर डंप याहून गंभीर असतो, कारण त्या क्षणी मेमरीत जे होते ते सर्व त्यात येते, मग ते शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक असोत किंवा पासवर्ड असोत.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की बंडल कधीही सार्वजनिक मंचावर किंवा व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नये. ते तक्रार क्रमांकाशी जोडलेल्या अधिकृत जागेवरच चढवावे, मेमरी डंप पाठवण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी परवानगी घ्यावी आणि काम संपल्यावर आपल्या लॅपटॉपवरील नक्कल काढून टाकावी. लिनक्सवर एसओएस क्लीन या कमांडने पत्ते आणि नावे झाकता येतात, आणि झाकलेली नावे मूळ कोणती होती याची यादी आपल्याकडेच राहते. हाताने ओळी खोडू नयेत, त्याने लॉगमधील संगती मोडते.

दुसरे असे की सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवणे आणि घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी, अथवा तिच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, जुळवणे बंधनकारक आहे. मेमरीत साठवून रीस्टार्टबरोबर जाणारे लॉग या कसोटीवर टिकत नाहीत. वरिष्ठांना खर्च पटवून द्यायचा असेल तर हा आधार उपयोगी पडेल.

पाणपोई

रानमोगरा यांचा मुद्दा मला नवीन आहे आणि पटलाही. पण ग्रामीण भागात दीड-दोन जीबीचे बंडल चढवायचे कसे? आमच्याकडे ते दोनदा अर्ध्यावर तुटले.

गवतीचहा

घटनेच्या काळापुरते बंडल मागता येते का, हे आधी अभियंत्याला विचारावे. तसे नसेल तर फाइलीचे तुकडे करून चढवावेत, मात्र बंडल उलगडून पुन्हा बांधू नये, कारण त्यात काही फाइली सुटतात आणि वेळांच्या नोंदी बदलतात. चढवण्यापूर्वी फाइलीचा शा-२५६ हॅश, म्हणजे ती पूर्ण व न बदललेली आहे हे ताडण्याचा संकेतांक, काढून तक्रारीत लिहावा. विंडोजवर गेट-फाइलहॅश आणि लिनक्सवर शा२५६सम ही कमांड पुरते. अर्धवट आलेली फाइल उघडत नाही हे अभियंत्याला दुसऱ्या दिवशी कळते आणि त्यात तुमचा एक दिवस जातो, हॅश दिला असेल तर ते लगेच कळते.

आता मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण काल रात्री हा धागा पुन्हा वाचताना माझ्या लक्षात एक गोष्ट आली. काटेकोर, तुम्ही पहिला होस्ट बंद केला. दुसरा होस्ट बंद केला होता का? दोघेही एकाच स्टोरेजवर आहेत असे तुम्ही लिहिले आहे. दुसरा तेव्हापासून सलग चालू असेल, तर त्याच्या मेमरीतील लॉग अजून शिल्लक असू शकतात. व्हीएमकर्नेलचा, म्हणजे ईएसएक्सआयच्या गाभ्याचा, लॉग भराभर वाढतो आणि जुन्या नोंदी बाहेर पडतात, पण ठळक घटना नोंदवणाऱ्या व्हीओबीडीचा लॉग सावकाश भरतो. त्या होस्टला अजिबात रीस्टार्ट करू नका, स्क्रॅचची जागाही आत्ता बदलू नका, आणि आजच त्याचे बंडल काढा.

काटेकोर

दुसरा होस्ट बंद केलेला नाही! हजेरीचा सर्व्हर रात्री कोणी वापरत नाही, त्यामुळे तिकडे पाहिलेच नव्हते. आता सर्व्हर खोलीत जातो.

काटेकोर

बंडल काढले आणि उघडून पाहिले. आपण सर्वांनी सांगितले नसते तर मी उद्याच स्क्रॅच बदलण्यासाठी तो होस्ट रीस्टार्ट करणार होतो.

व्हीओबीडीच्या लॉगमध्ये १२ तारखेच्या २०:४४:१२ ला डेटास्टोअरशी संपर्क तुटल्याची नोंद आहे. २०:४४:३१ ला स्टोरेजकडे जाणारे सर्व मार्ग बंद झाल्याची नोंद आहे, २०:४६:५१ ला मुदत संपल्याची आहे, आणि २०:४७:५८ ला संपर्क पूर्ववत झाल्याची आहे. म्हणजे भारतीय वेळेनुसार १३ तारखेचे २:१४ ते २:१८. मी सर्व्हर खोलीत पोहोचलो तेव्हा स्टोरेज परत आलेले होते. याचा अर्थ काय घ्यावा?

शून्यप्रहर

अर्थ बराचसा स्पष्ट आहे. सर्व मार्ग बंद झाले की ईएसएक्सआय नेहमीच्या मांडणीत १४० सेकंद वाट पाहतो, आणि तुमच्या २०:४४:३१ व २०:४६:५१ या दोन नोंदींत बरोबर तेवढेच अंतर आहे. त्यानंतर तो त्या डिस्कसाठी आलेली व्हीएमबाहेरची कामे लगेच नाकारू लागतो. या काळात होस्टचे व्यवस्थापन पान अडकून पडणे ही ओळखीची गोष्ट आहे. आतील लिनक्सला डिस्कवर लिहिता आले नाही की ती आपली डिस्क केवळ वाचण्याजोगी करते आणि डेटाबेस थांबतो. संपर्क परत आला तरी ती अवस्था आपोआप सुटत नाही, ती व्हीएम पुन्हा सुरू करावी लागते.

मुख्य गोष्ट ही की दुसऱ्या होस्टलाही हाच धक्का बसला. पहिल्या होस्टमध्येच बिघाड असता तर दुसऱ्यावर काहीच दिसले नसते. बिघाड दोघांच्या पुढे, म्हणजे स्विचमध्ये किंवा स्टोरेजमध्ये शोधा. स्विच किती वेळापासून सलग चालू आहे ते पाहा. साडेतीन मिनिटे हा स्विच बंद होऊन पुन्हा सुरू होण्याला लागणाऱ्या वेळेच्या जवळ जातो.

आंबोलीघाट

बाधित होस्टइतकेच शेजारच्या होस्टचे लॉगही घ्यावेत, हे मी आजपासून आमच्या वहीत लिहून ठेवतो.

काटेकोर

स्विच १३ तारखेच्या पहाटेपासून चालू आहे, म्हणजे तो त्याच रात्री बंद होऊन सुरू झाला. स्टोरेज त्याच्या कितीतरी आधीपासून सलग चालू आहे.

मग मी विद्युत विभागात गेलो. त्यांच्या नोंदवहीत त्या रात्री सव्वादोनला कारखान्याची वीज बनवणारे टर्बाइन ट्रिप (अचानक बंद) झाल्याची आणि पुरवठा महावितरणच्या लाइनवर घेतल्याची नोंद आहे. होस्ट आणि स्टोरेज यूपीएसवर आहेत. स्विचच्या वायरीचा माग काढला, तर ती कपाटामागून भिंतीवरील साध्या सॉकेटमध्ये गेलेली आढळली. वातानुकूलन यंत्र बदलले तेव्हा कोणीतरी ती तेथे लावली असावी. आता ती यूपीएसवर घेतली आहे आणि दुसऱ्या स्विचची मागणी टाकली आहे, म्हणजे स्टोरेजकडे दोन वेगळे मार्ग होतील.

अभियंत्यांना दुसऱ्या होस्टचे बंडल, दोन्ही घड्याळांतील वेळा आणि नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यांनी चार तासांत कारण मान्य करून तक्रार बंद केली.

पाणपोई

काटेकोर, अभिनंदन. गवतीचहा, पाच मिनिटांच्या पंचनाम्याबद्दलचे माझे मत मी बदलतो. स्विचच्या दिव्यांकडे त्या रात्री पाहिले असते तर रीस्टार्टही एका व्हीएमपुरताच करावा लागला असता आणि काटा लवकर सुरू झाला असता. अर्ध्या तासाच्या पंचनाम्याबद्दल मात्र मी अजूनही म्हणेन की रांग लागलेली असताना तो करू नये.

गवतीचहा

ते मला मान्य आहे. त्यासाठीच लॉग होस्टच्या बाहेर आपोआप जात राहिले पाहिजेत. ईएसएक्सआयमध्ये सिसलॉग सर्व्हरचा, म्हणजे लॉग गोळा करणाऱ्या वेगळ्या संगणकाचा, पत्ता एकदा भरला आणि होस्टच्या फायरवॉलमध्ये सिसलॉगची परवानगी दिली की प्रत्येक ओळ दुसऱ्या संगणकावर पोहोचते. मग होस्ट घाईने बंद करावा लागला तरी त्या क्षणापर्यंतच्या नोंदी राहतात. फायरवॉलची पायरी लोक विसरतात आणि महिनोन्महिने काहीच पोहोचत नाही, म्हणून मांडणी झाल्यावर एकदा खात्री करून घ्यावी.

उत्तररात्र

आणि तो सिसलॉग सर्व्हर त्याच स्टोरेजवरील व्हीएम म्हणून चालवू नये, नाहीतर १२ तारखेच्या रात्री तोही गोठला असता.

काटेकोर

लेखा विभागातून निघालेला एक जुना डेस्कटॉप मिळाला आहे. त्यात नवी डिस्क घालून डेबियन लिनक्स बसवत आहे. तो काट्याच्या केबिनमधील वेगळ्या यूपीएसवर ठेवणार आहे, पण सर्व्हर खोलीतून केबिनपर्यंतची वायर त्याच स्विचमधून जाते. होस्टचा व्यवस्थापनाचा पोर्ट दुसऱ्या स्विचवर घेतला तर ही अडचण सुटेल ना?

शून्यप्रहर

सुटेल. व्यवस्थापनाचे आणि स्टोरेजचे जाळे तसेही वेगळे असावे. बदल हंगाम संपेपर्यंत लांबवू नका, पण करताना एका वेळी एकच होस्ट घ्या, आणि त्याआधी दोन्ही होस्टांचे बंडल काढून बाजूला ठेवा.